डिझायनर सहकारी आणि क्लायंट यांना वर्षअखेरीस काय भेट द्यावे?

प्रश्न: लहान स्टुडिओची चालक

नमस्कार. आमचा ग्राफिक डिझाइनचा लहानसा स्टुडिओ आहे. आम्ही सहा जण कायम असतो, तीन-चार फ्रीलान्सर कामाप्रमाणे येतात-जातात आणि वर्षभरात साधारण पंधरा क्लायंटांशी आमचा संबंध येतो. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागण्याआधी या सगळ्यांना काहीतरी भेट द्यायची, असे मी तीन वर्षांपूर्वी ठरवले आणि तेव्हापासून दर वर्षी निवड करताना माझी फजिती होत आली आहे.

पहिल्या वर्षी स्टुडिओचे बोधचिन्ह ठळकपणे छापलेले कप दिले. दुसऱ्या वर्षी काळ्या कापडी बांधणीच्या वह्या दिल्या आणि त्यांच्यावरही बोधचिन्ह होतेच. काही महिन्यांनी एका क्लायंटच्या कार्यालयात बैठकीसाठी गेले, तेव्हा त्यांतल्या दोन वह्या वेष्टनासकट एका मॉनिटरखाली, त्याची उंची वाढवण्यासाठी ठेवलेल्या दिसल्या. वह्यांचा उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही, पण मला अपेक्षित होता तो हा नव्हे. गेल्या वर्षी क्लायंटांना नुसती शुभेच्छापत्रे पाठवली आणि सहकाऱ्यांसाठी मला फार आवडलेला एक धातूचा, शिल्पासारखा दिसणारा पेनस्टँड निवडला. तो आज स्टुडिओतल्या एकाच टेबलावर दिसतो आणि ते टेबल माझे आहे.

अडचण अशी की डिझायनर माणूस हातात आलेली कोणतीही वस्तू आधी तपासतो आणि मग वापरतो. तिच्यावरचे अक्षर, तिची कड, तिचा रंग यांपैकी काही खटकले, तर तो आभार मानतो आणि ती वस्तू कपाटात जाते. क्लायंटांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यापैकी काहींना डिझाइनमध्ये रस आहे, काहींना नाही, आणि एकदोन कंपन्यांत भेटी स्वीकारण्याचे नियम असल्याचे मी ऐकले आहे. सुट्ट्यांना अजून दहा आठवडे आहेत. सर्वांना एकच वस्तू द्यावी की वेगवेगळ्या, बोधचिन्ह असावे की नसावे, आणि स्टुडिओने स्वतः काही घडवून देण्यात अर्थ आहे का, याबद्दल अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

उत्तर: पुस्तकरचनाकार

तुमच्या पेनस्टँडची गोष्ट वाचून मला माझाच एक जुना निर्णय आठवला, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्या वस्तूत देणाऱ्याची आवडनिवड दिसते आणि जी घेणाऱ्याच्या टेबलावर वर्षानुवर्षे राहणार असते, ती डिझायनरला देऊ नये, असे माझे मत अनुभवाने बनले आहे. टेबलावर काय राहील हे तो स्वतः ठरवतो आणि बहुतेक वेळा ते आधीच ठरलेले असते. उलट, जी वस्तू तो आजही वापरतो, जी वापरून संपते आणि जी संपल्यावर पुन्हा आणायचा त्याला कंटाळा येतो, ती त्याला नेहमीच आवडते. फक्त ती आपण नेहमी घेतो त्यापेक्षा एक पायरी वरची असावी.

साधी पेन्सिल घ्या. निकोला-झाक कोंते याने १७९५ साली ग्रॅफाइटची पूड आणि माती एकत्र भाजून शिसे बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण वाढवले की शिसे कठीण होते आणि कमी केले की मऊ व काळे होते, त्यामुळे एच आणि बी या श्रेणींमागे आजही तेच तत्त्व आहे. जो सहकारी बोधचिन्हांची कच्ची रेखाटने करतो त्याच्या हातात २बी ते ४बी असते. जो मांडणीचे बारीक आराखडे काढतो तो एच किंवा एचबीकडे वळतो. पहिल्याला ४बीच्या चांगल्या पेन्सिलींची डझनभराची पेटी द्या आणि तो काय म्हणतो ते पाहा. दोघांना एकच मिश्र पेटी दिलीत, तर तिच्यातल्या निम्म्याहून अधिक पेन्सिली तशाच पडून राहतील.

कागदाबाबतही असेच आहे. वजन जास्त म्हणजे कागद चांगला, हा समज भेटवस्तूंच्या बाजारात फार पसरलेला आहे. शाई फुटणे किंवा मागे उमटणे हे नुसत्या जीएसएमवर (दर चौरस मीटरला किती ग्रॅम, या वजनावर) अवलंबून नसते, कागदाला दिलेल्या खळीवर बरेचसे अवलंबून असते. तोमोए रिव्हर हा जपानी कागद अवघ्या ५२ जीएसएमच्या प्रकारातही फाउंटन पेनची शाई उत्तम पेलतो, तर नेहमीच्या ८० जीएसएमच्या झेरॉक्सच्या कागदावर तीच शाई धाग्याधाग्याने पसरते. म्हणून वही देण्याआधी समोरचा माणूस कशाने लिहितो हे पाहावे. मार्कर वापरणाऱ्याला पातळ कागदाची देखणी वही दिली, तर एका पानावरचे चित्र पुढच्या तीन पानांवर दिसते.

कटरची पातीही मी भेट म्हणून दिली आहेत आणि त्याबद्दल मला आजवर कोणी नावे ठेवलेली नाहीत. बोथट झालेले टोक मोडून पुढे नवी धार काढण्याची ही युक्ती जपानमध्ये १९५६ साली योशिओ ओकादा याने काढली. फुटलेल्या काचेची धार आणि चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा यांवरून त्याला ती सुचली. ज्याला दर आठवड्याला डमी (छपाईआधीची नमुनाप्रत) कापावी लागते, त्याला चांगल्या पात्यांची डबी, पोलादी पट्टी आणि ए३ आकाराची नवी कटिंग मॅट मिळाली, तर तो महिनाभर तुमची आठवण काढील. (कोणी डावखुरा असेल तर ते आधी माहीत करून घ्या. कात्री, उजव्या हातासाठीचे कॅलिग्राफीचे निब आणि सावकाश वाळणारी शाई या तिन्ही गोष्टी डावखुऱ्या माणसाला सारख्याच छळतात.)

थोडी अधिक टिकाऊ वस्तू द्यायचीच असेल, तर छपाईचे काम पाहणाऱ्यासाठी १० पट मोठे दाखवणारे भिंग द्या. चार रंगांचे ठिपके एकमेकांवर नीट बसले आहेत का, हे प्रूफवर, म्हणजे छपाईच्या चाचणीप्रतीवर, पाहण्यासाठी ते लागतेच. शिवाय ते खिशात मावते आणि टेबल अडवत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. काही जण सहकाऱ्याला पँटोनचे नवे शेडकार्ड (ठरावीक छपाईरंगांच्या नमुना-पट्ट्यांचा संच) भेट देतात. ही रंगप्रणाली १९६३ पासून छपाईत रूढ आहे आणि वापराने व उजेडाने पट्ट्या फिक्या पडत असल्यामुळे दर १२ ते १८ महिन्यांनी शेडकार्ड बदलावे अशी शिफारस असते. म्हणजेच ते वेळेवर बदलणे हे स्टुडिओचे काम आहे. प्रूफ तपासण्यासाठी लागणाऱ्या दिव्याचेही तसेच. आयएसओ ३६६४ या मानकानुसार छापील रंग डी५० म्हणजे सुमारे ५००० केल्विनच्या प्रकाशात पाहायचे असतात, त्यामुळे असा दिवा स्टुडिओत असायलाच हवा. जे साधन मालकाने एरवीही पुरवायलाच हवे, ते रंगीत कागदात गुंडाळून भेट म्हणून दिले, तर सहकारी हसून घेतात, पण त्यांना ते कळते.

उत्तर: क्लायंटच्या बाजूने काम केलेली

मी बारा वर्षे एका मोठ्या कंपनीच्या विपणन विभागात होते आणि वर्षअखेरीस वेगवेगळ्या स्टुडिओंकडून आलेली खोकी उघडण्याचे काम माझ्याकडे असे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने थोडे सांगते.

आधी नियमांचे बोलू. मोठ्या कंपन्यांत भेटींची नोंदवही असते, ठरावीक मूल्यापुढची भेट परत करावी लागते आणि खरेदी विभागातल्या माणसाला बहुधा काहीच स्वीकारता येत नाही. सरकारी कार्यालयांत नियम आणखी कडक असतात. ब्रिटनच्या २०१० च्या लाचविरोधी कायद्यासारख्या कायद्यांत खासगी कंपन्यांमधला व्यवहारही येतो, म्हणून अनेक देशांत कामकाज असलेल्या कंपन्या या बाबतीत सावध असतात. तुमची भेट कितीही निर्मळ हेतूची असली, तरी ती परत करण्याचे पत्र लिहिणाऱ्या माणसाची अवस्था फार अवघड होते. आमच्याकडे एका स्टुडिओने नव्या कामाच्या निविदा उघडण्याच्या आठवड्यात एक महागडा हेडफोन पाठवला होता. तो परत गेलाच, शिवाय त्या स्टुडिओच्या प्रस्तावावर चर्चा करताना सगळे उगाच जपून बोलू लागले. म्हणून दोन ओळींचा ईमेल पाठवून नियम विचारून घ्या. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. ज्या क्लायंटकडे तुमचा प्रस्ताव किंवा दरवाढीची बोलणी चालू असतील, त्याला या वर्षी फक्त पत्र लिहा.

भेट एका माणसाला पाठवावी की अख्ख्या विभागाला, याचाही विचार करा. प्रकल्पाच्या प्रमुखाच्या नावाने खोके येते, पण तुमच्या फायली रात्री उशिरा तपासणारी, चुका कळवणारी आणि कार्यालयातल्या दहा जणांच्या सह्या गोळा करणारी व्यक्ती कोणी वेगळीच असते. एका स्टुडिओने एकदा प्रमुखांना नेहमीचे कार्ड पाठवले आणि आमच्या विभागातल्या सर्वांत कनिष्ठ मुलीला, तिने वर्षभरात पकडलेल्या चुकांचा उल्लेख करून, वेगळे पत्र लिहिले. त्या स्टुडिओचे नाव आमच्या विभागात पुढे कित्येक वर्षे आदराने घेतले जाई.

बोधचिन्हाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वस्तूच्या दर्शनी भागावर तुमचे नाव आले की ती भेट राहत नाही, जाहिरातीचे सामान होते, आणि कार्यालयांत जाहिरातीच्या सामानाचे एक कपाट असतेच. नाव द्यायचे असेल तर ते आतल्या बाजूला, तळाशी किंवा सोबतच्या पत्रावर द्या. स्वतः बोधचिन्हे घडवणाऱ्यांना हे मी सांगावे लागते, याची मला जरा गंमत वाटते.

आणि पत्र हाताने लिहा. हेन्री कोल याने १८४३ साली लंडनमध्ये पहिले छापील नाताळकार्ड काढले, ते वर्षअखेरीच्या पत्रांना उत्तरे लिहून दमल्यामुळे, असे सांगितले जाते. पण त्या कार्डावरही पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव हाताने लिहिण्यासाठी जागा कोरी ठेवलेली होती. छापील मजकुराखाली नुसती सही करून पाठवलेली कार्डे मी एका दमात उघडून बाजूला ठेवत असे. ज्यात आमच्या कामातला एखादा नेमका प्रसंग आठवलेला असे, ती मात्र टेबलाच्या खणात राहत. त्यांतली चार अजूनही माझ्याकडे आहेत. वस्तू एकही नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शेडकार्डाचा मुद्दा मला थोडा लागला, कारण आमचे चार वर्षांचे जुने झाले आहे आणि या वर्षी मी तेच भेट म्हणून देण्याचा विचार करत होते. ते आता स्टुडिओच्या खर्चात येईल.

स्वतः घडवून देण्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. सहकाऱ्यांचा आग्रह आहे की या वर्षी भिंतीवरचे कॅलेंडर करावे, बारा महिने आणि बारा जणांची चित्रे. मला भीती अशी वाटते की ते आमच्या कामाचा नमुनासंग्रह होऊन बसेल.

उत्तर: छापखानेवाला

तुमची भीती योग्य आहे. माझ्याकडे दर वर्षी चार-पाच स्टुडिओंची कॅलेंडरे छपाईला येतात आणि त्यांतली बहुतेक पाहणाऱ्यासाठी केलेली असतात, वापरणाऱ्यासाठी नव्हे. चित्र तीन चतुर्थांश पानभर आणि तारखा तळाशी सहा पॉइंटात, त्याही फिक्या करड्या रंगात. सुटीचा दिवस शोधायला माणसाला भिंतीशी नाक लावावे लागते.

याच्या उलट मासिमो विन्येली या डिझायनरचे १९६६ सालचे श्टेंडिग कॅलेंडर पाहा. त्यात चित्रच नाही. सुमारे तीन फूट बाय चार फुटांचे पान, त्यावर हेल्वेटिका या अक्षरशैलीतले भलेमोठे आकडे आणि महिन्यागणिक काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल, एवढेच. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून तारीख वाचता येते आणि महिना संपल्यावर फाडलेले पान लोक भेटवस्तू गुंडाळायला वापरतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ते आहे आणि ते अजूनही दर वर्षी छापले जाते. एन्झो मारी या डिझायनरने डानेसे कंपनीसाठी १९६७ साली केलेले तिमोर हे टेबलावरचे कॅलेंडर दुसऱ्या वाटेने जाते: त्यातल्या पट्ट्या फिरवून तारीख लावायची असते, त्यामुळे ते कधी जुने होत नाही. दोन्हींत करणाऱ्याची ओळख पुरेपूर दिसते, पण ती तारीख दाखवण्याच्या कामातूनच दिसते.

कॅलेंडर करणारच असाल तर दिवस मोजून घ्या. वर्ष सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर पोहोचलेल्या कॅलेंडराला भिंतीवर जागा उरलेली नसते. वर्षअखेरीस प्रत्येक छापखान्यात हीच गर्दी असते, त्यामुळे सुट्ट्यांच्या पाच आठवडे आधी अंतिम फाइल माझ्या हातात हवी. त्यात प्रूफ, छपाई, वाळण्याचा वेळ, तारेची वायरो बांधणी आणि टपालाचे दिवस आले. तुमच्याकडे दहा आठवडे आहेत, म्हणजे डिझाइनला पाचच उरतात आणि तेही क्लायंटांची कामे सांभाळून. बारा जणांची बारा चित्रे पाच आठवड्यांत एकदम येतील, यावर मी तरी पैज लावणार नाही.

मला विचाराल तर लहान पुस्तिका करा. पेंटाग्राम हा स्टुडिओ १९७२ साली लंडनमध्ये सुरू झाला आणि त्याने कित्येक दशके वर्षअखेरीस क्लायंटांना व मित्रांना अशीच छोटी पुस्तिका पाठवली आहे. तिच्यात बहुधा एखादे कोडे किंवा खेळ असतो. कामाचे नमुने नसतात, सेवांची यादी नसते. पण ती कोणी केली हे विसरता येत नाही, कारण घेणाऱ्याने तिच्याबरोबर सुट्टीतली अर्धी दुपार घालवलेली असते. ए६ आकाराची १६ पानांची पुस्तिका दोन पिनांत होते. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा आणि कागदाची ग्रेन (तंतूंची दिशा) घडीला समांतर येईल असे बघा. ती आडवी आली तर घडीवर कागद तडकतो आणि पुस्तिका मिटलेली राहत नाही. आणि हे डिझायनरांच्या नजरेतून सुटत नाही.

प्रती थोड्याच असतील तर रिझोवर (स्टेन्सिलने एकेक रंग चढवणाऱ्या छपाईयंत्रावर) छापा. तिचे रंग पारदर्शक असतात, एकावर एक चढवले की तिसरा रंग मिळतो आणि प्रत्येक प्रत किंचित वेगळी निघते. मात्र ती शाई तेलाची असते आणि पूर्ण अशी कधी वाळत नाही. म्हणून कागद अनकोटेडच (वर लेप नसलेला) हवा, आणि जिथे बोटे लागतात तिथे, विशेषतः मुखपृष्ठावर, गडद रंगाचे मोठे पट्टे टाळा. एका स्टुडिओने माझे न ऐकता मुखपृष्ठ पूर्ण काळे केले होते. त्यांच्या क्लायंटांना ती भेट आठवडाभर बोटांवर बाळगावी लागली.

उत्तर: फ्रीलान्सर

फ्रीलान्सरांचा उल्लेख प्रश्नात एकदाच आला आणि उत्तरांत आलाच नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. सुट्ट्या लागण्याआधी आमची बिले चुकती करा. वर्षअखेरीस मला मिळालेली सर्वांत चांगली भेट म्हणजे मुदतीच्या तीन आठवडे आधी आलेले पैसे आणि सोबत आलेली एक ओळ, की त्या प्रकल्पाच्या श्रेयनामावलीत आता माझेही नाव आहे.

वस्तूच द्यायची असेल तर मला हवा असलेला एखादा टाइपफेस द्या, पण त्याचा परवाना माझ्या नावाने घ्या. फॉन्टच्या परवान्यात कोण आणि किती संगणकांवर वापरणार हे सहसा ठरलेले असते. तुमच्या परवान्यातली फाइल मला पाठवणे म्हणजे भेट नव्हे, दोघांच्याही गळ्यात अडकवलेली अडचण आहे. दूर राहणाऱ्यांना अल्कोहोलचे मार्कर किंवा लिथियम बॅटरीच्या वस्तू पाठवताना कुरिअरला आधी विचारा, कारण ज्वलनशील द्रव आणि अशा बॅटऱ्या यांच्यावर विमानाने पाठवताना निर्बंध असतात. माझे मार्कर गेल्या वर्षी अडकले होते आणि अखेर पाठवणाऱ्याकडे परत गेले.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांची उत्तरे आम्ही स्टुडिओत एकत्र बसून वाचली. कॅलेंडराचा बेत पुढच्या वर्षावर ढकलला असून त्याचे काम सहा महिने आधी सुरू करायचे ठरले आहे. या वर्षी ए६ पुस्तिका करत आहोत. आम्हा सहा जणांच्या कामाच्या टेबलांची सहा रेखाटने, प्रत्येकात चुकीच्या जागी ठेवलेल्या पाच वस्तू, आणि वाचणाऱ्याने त्या शोधायच्या. स्टुडिओचे नाव शेवटच्या पानावर तळाशी येईल. ज्या क्लायंटकडे आमचा प्रस्ताव विचाराधीन आहे, त्यांना पुस्तिका न पाठवता फक्त पत्र जाईल. इतर कंपन्यांना नियमांबद्दल ईमेल पाठवले आणि तीन ठिकाणांहून त्याच दिवशी आभाराचे उत्तर आले. फ्रीलान्सरांची दोन बिले माझ्याकडे पडून होती, हे इथे कबूल करते. ती आज सकाळी दिली.

सहकाऱ्यांसाठी मी गेला आठवडाभर नुसती त्यांची टेबले पाहत आहे. एकाच्या ४बी पेन्सिलीचा अंगठ्याएवढा तुकडा उरला आहे आणि तो त्याला टोपण लावून वापरतो आहे. दुसरी डावखुरी आहे, हे पाच वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते. पेनस्टँड कुठे गेले तेही कळले: त्यांतले दोन खिडकीची झडप उघडी ठेवण्याच्या कामी येत आहेत.

छापखानेवाल्यांना एकच प्रश्न: रिझोसाठी १२० जीएसएमचा अनकोटेड कागद घेतला, तर १६ पानांची घडी नीट बसेल का?

उत्तर: छापखानेवाला

आतली पाने १०० जीएसएमची घ्या आणि १२० फक्त मुखपृष्ठाला ठेवा. घडी घालण्याआधी मुखपृष्ठाला क्रीझ (घडीची दाबरेषा) मारून घ्या, आणि आतली रेखाटने कडेपासून किमान पाच मिलिमीटर आत असू द्या. घडी घातल्यावर मधली पाने पुढे सरकतात आणि कटिंगला तेवढी कापली जातात. नाहीतर लपवलेली पाचवी वस्तू माझ्या कात्रणांच्या टोपलीत सापडेल.